मागे घेताना

रविवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी गाडी मागे येता येता खोलीच्या दांड्यावर आदळली. नुकसान म्हणावं तर फार नाही. गाडीची मागची नंबरप्लेट मधोमध दुमडली, दांड्याखालचं टेकूचं छोटं चाक फळीवरून घसरून ओल्या मातीत रुतलं आणि खोलीच्या आत कुठेतरी एक कप फुटला. आवाजही मोठा नव्हता. शेजारच्या जागेवरचे दाताचे डॉक्टर खुर्चीतून न उठताच म्हणाले, "लागलं का कुणाला?" आणि तिने हात हलवून नाही म्हटलं. हलवायला हात उचलावा लागला नाही, तो आधीच वर होता. दोन्ही हात वर होते, तळवे गाडीकडे, बोटं फाकलेली. थांब, म्हणून. तोंडानेही ती थांब म्हणाली होती, दोनदा, पण नेमकी तेव्हाच एक मोटरबोट काठ धरून गेली आणि तिचा शब्द त्या घरघरीत बुडाला. शब्द बुडाला, हात बुडाले नव्हते. लख्ख ऊन होतं. नेहमीच्या जागी, गाडीच्या डाव्या आरशात दिसेल अशी, दहा पावलांवर ती उभी होती आणि तिच्या अंगात लाल स्वेटर होता.

खोली म्हणजे चाकांवरची खोली, पुढच्या दांड्याने गाडीमागे जोडून न्यायची. दुकानदाराने विकताना तिचं काहीतरी भारदस्त नाव सांगितलं होतं, पण घरात ती पहिल्या दिवसापासून खोलीच. त्यांचं घर दोन खोल्यांचं, चौथ्या मजल्यावर. मुलगी अकरा वर्षांची झाली, तिला दार लावून बसावंसं वाटायला लागलं, आणि तिसरी खोली असलेलं घर काही आपल्या आवाक्यातलं नाही हे तिघांनाही कुणी न सांगता कळलं होतं. अशा एका संध्याकाळी नवऱ्याने ही जुनी, दोन घरं फिरून आलेली, खिडकीच्या रबरातून गळणारी वस्तू इमारतीमागच्या गल्लीत आणून उभी केली आणि खालून हाक मारली, "चला, तिसरी खोली बघायला या!" वर्षाचे साडेअकरा महिने ती गल्लीत ताडपत्रीखाली असायची. मुलीने तिथे अभ्यास केला, रुसून बसायची ती तिथेच, दहावीच्या निकालादिवशी आतून कडी लावून रडली तीही तिथे. आणि उन्हाळा उतरताना दहा दिवस खोली या तळ्याकाठी यायची. काठावर पाटी होती, 'पुढे खोली बारा मीटर'. पहिल्या वर्षी ती वाचून मुलगी म्हणाली होती, "बाबा, यांची खोली केवढी मोठी आहे! आपली चारच मीटर." त्यावर तो इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. सतरा वर्षं झाली. पाटी अजून तीच आहे, आणि तिच्यासमोरून जाताना दोघांपैकी कुणीतरी अजून म्हणतं, यांची खोली केवढी मोठी.

गाडीचं इंजिन चालूच होतं. तो उतरला नाही. काचेतून त्याच्या डोक्याचा मागचा भाग तिला दिसत होता, ताठ. ती हात खाली घेऊन उभी राहिली आणि तिच्या मनात पहिला विचार आला तो नवऱ्याबद्दल नव्हता, कामाबद्दल होता. ती इस्पितळात लोकांचे कान तपासते. काचेच्या एका बंद पेटीत माणूस बसतो, कानांवर आवाजाचे डबे लावतो, हातात बटण धरतो, आणि ती बाहेर बसून बारीक बारीक आवाज सोडते. ऐकू आलं की बटण दाबायचं, एवढंच. एकोणतीस वर्षांत तिला एक गोष्ट पक्की कळली आहे. ज्याला ऐकू येत नाही तो गप्प बसत नाही, तो अंदाजाने दाबतो. दोन आवाजांमधलं अंतर तो मनात मोजून ठेवतो, तिच्या खांद्याची हालचाल काचेतून बघतो, तिचा चेहरा वाचतो, आणि अगदी वेळेवर बटण दाबतो. अशांना पकडायचा उपाय सोपा असतो. मान न हलवता एकदा आवाज सोडायचाच नाही. तरी बटणाचा दिवा पेटला की समजायचं. नवीन लोकांना ती तपासणीआधीच सांगते, "अंदाज करू नका. नाही ऐकू आलं तर नाही. इथे कुणी नापास होत नाही." आज तिने न ठरवताच तसं केलं होतं. मोटरबोटीने तिचा आवाज काढून घेतला होता, हात तेवढे शिल्लक ठेवले होते. आणि तरी गाडी येतच राहिली.

म्हणजे तो तिचे हात बघत नव्हता. नुसत्या आवाजावर येत होता. आज? की केव्हापासून?

तिला एकेक आठवायला लागलं, आणि मोतीबिंदूचा पडदा काढल्यावर लोक म्हणतात ना, भिंतीला इतके डाग होते हे माहीतच नव्हतं, तसं झालं. वसंतात त्याने स्वयंपाकघरातले तीन पेले फोडले, तिन्ही ओट्याच्या डाव्या कडेचे. ती म्हणाली होती, "हात आहेत की पाय!" दाराच्या चौकटीला त्याचा खांदा लागायचा. डावा. काल संध्याकाळी तो खोलीभोवती फेरी मारून आला आणि म्हणाला, सगळं आवरलं, काही राहिलं नाही. दोरीवर त्याचाच पंचा होता, खुंटीपाशी हातोडी होती, झाडाच्या बुंध्याला टेकलेली घडीची खुर्ची होती. तिने तिन्ही वस्तू गोळा केल्या आणि त्याला ऐकू जाईल अशा बेताने पुटपुटली, "यांचं सगळं आवरलं म्हणजे अर्धं आवरलं." अर्धंच होतं ते. डावं राहिलं होतं. लिफ्ट दुरुस्त करण्यात ज्या माणसाचा जन्म गेला, लिफ्टची फरशी मजल्याच्या फरशीला दोन मिलिमीटरच्या आत भिडली नाही तर जो जेवायला थांबायचा नाही, इथेही दर वर्षी पाणसळ लावून, ओट्यावर पाण्याचा पेला ठेवून जो खोली सरळ करायचा, त्याने या वेळी पाणसळ तिच्या हातात दिली होती आणि म्हटलं होतं, "बुडबुडा मध्ये आला की सांग." तिला त्याचा आनंद झाला होता. इतक्या वर्षांनी आपल्यावर विश्वास टाकला, असं वाटलं होतं.

आणि ते दोन दिवस. मुक्काम खरं तर शुक्रवारी संपायचा. गुरुवारी सकाळी चहा पिताना तो पाण्याकडे बघत म्हणाला, "एक दिवस वाढवू या का?" सतरा वर्षांत असं तो कधी बोलला नव्हता. निघायचं तेव्हा निघायचं, रेंगाळणाऱ्यांचा त्याला राग. तिने विभागात फोन करून आयुष्यात पहिल्यांदा खोटं सांगितलं, गाडी बिघडली आहे म्हणाली. फोन ठेवल्यावर शाळा बुडवल्यासारखं हसू आलं. मग शुक्रवारी तो पुन्हा म्हणाला, "अजून एक?" आणि ते दोन दिवस या सगळ्या वर्षांतले सगळ्यांत चांगले गेले. सकाळचं पाणी गार होतं. ती कमरेइतकी आत जाऊन उभी राहायची, श्वास अडकायचा, मग एकदम सुटायचा. तो काठावर बसून पाव भाजायचा आणि ओरडायचा, "जळला, जळला, ये लवकर!" दुपारी खोलीच्या सावलीत आडवं पडून ती छतावर पाण्याचे कवडसे हलताना बघायची. शनिवारी दोघं पूर्ण तळ्याला पायी वळसा घालून आले. तो तिच्या डावीकडून चालत नव्हता, हेही तिला आता आठवलं. सारखा डावी बाजू तिच्याकडे करून चालत होता, आणि तिने त्याच्या दंडात हात घातला तेव्हा त्याने तो घट्ट दाबून धरला होता. तिला वाटलं होतं, म्हातारपणी प्रेम उतू चाललंय. तो दोन दिवस तळ्यासाठी मागत नव्हता. त्याला परतीच्या रस्त्याची भीती वाटत होती.

इंजिन बंद झालं. तो उतरला, गाडीला हात लावत मागे आला, वाकून नंबरप्लेट बघितली, टेकूचं चाक बघितलं, आणि वाटीवरून बोट फिरवलं. दांड्याच्या टोकाला एक पालथी लोखंडी वाटी आहे. गाडीमागच्या गोळ्यावर ती बसली की खट् असा आवाज होतो आणि दोन वस्तूंची एक होते. "वाटीला काही झालं नाही," तो म्हणाला. बिघाड बघायला बोलावलेला माणूस बोलतो त्या आवाजात.

तिने त्याला एक वाट करून दिली. "बोट गेली ना मध्येच."

"हो ना. ऐकूच आलं नाही."

"लाल स्वेटर घातलाय मी."

तो पुन्हा वाटीवरून बोट फिरवू लागला. तिने तिथेच सोडून दिलं असतं तर तो दिवस नेहमीसारखा पुढे सरकला असता. चाक फळीवर चढवलं असतं, पुन्हा 'येऊ दे' म्हटलं असतं, या वेळी मोठ्याने, आणि तो आवाजावर बरोबर आला असता. अंदाजाने दाबणारे दहातल्या नऊ वेळा बरोबरच असतात. पुढे दीडशेहून जास्त किलोमीटर होते, दोन पूल, शहरात शिरतानाची ती चार पदरी वळणं. पेटीत बसलेल्या एका म्हाताऱ्या शिक्षिकेने तिला एकदा सांगितलं होतं, "बाई, मला माहितीये हो ऐकू येत नाही ते. तुम्ही म्हणेपर्यंत थांबले होते."

"कधीपासून दिसत नाही तुला?" ती म्हणाली.

दोघांनाही ते एकदमच कळलं. डोळ्यांचं नव्हे, ते त्याला ठाऊक होतंच. 'तुला' म्हणाली ते.

चौतीस वर्षांच्या संसारात ती त्याला अहो-जाहोच करत आली. आग्रह कुणाचा नव्हता. तिच्या घरी तशी रीत होती, सवय लागली, मग ती बदलायला लाज वाटली. पण पहिल्याच वर्षी याच तळ्यावर खोली जागेवर लावताना ती मागे उभी राहून म्हणत होती, "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या, अहो, अहो थांबा हं, थांबा!" आणि खोलीचा मागचा उजवा कोपरा झाडात घुसला. तो उतरला, पत्र्याला पडलेला पोचा बघितला आणि अजिबात न चिडता हिशेब मांडला. "हे बघ. तुझं 'अहो' होईपर्यंत मी दोन फूट येतो. 'थांबा हं'मध्ये आणखी दोन. आपल्याकडे एकूण तीनच होते." मग म्हणाला, "मागे घेताना मला अरे-तुरे कर. पुढे जाताना काय म्हणायचं ते म्हण." मुलगी मागच्या सीटवर गुडघ्यांवर उभी राहून टाळ्या पिटत होती, "आई बाबांना अरे म्हणणार! म्हण, म्हण!" आणि ती म्हणाली. येऊ दे. येऊ दे. डावीकडे घे. थोडं. बस. थांब. पहिल्यांदा कानांपर्यंत लाल झाली होती. पण खोली जागेवर आली, केसभर इकडे नाही की तिकडे नाही. तेव्हापासून वर्षातून चार वेळा, गल्लीतून काढताना, तळ्यावर लावताना, तिथे जोडताना आणि परत गल्लीत घालताना, अशी सगळी मिळून तासभर ती त्याला तू म्हणते. हँडब्रेक ओढल्याचा आवाज आला की पुन्हा अहो. कुणाला सांगण्यासारखी गोष्ट नव्हे ही, पण त्या तासाची ती वाट बघते. पोचा त्यांनी कधी दुरुस्त केला नाही.

आता गाडी बंद होती. कुणी काही मागे घेत नव्हतं. आणि तू तोंडातून निघालं होतं.

तो खोलीच्या पायरीवर बसला. तीही बसली, त्याच्या उजव्या बाजूला. मग काही तरी सुचून उठली आणि डावीकडे जाऊन बसली. तो हसला. "आत्ता बसलीस ती दिसली नाहीस," तो म्हणाला. "आधी बसली होतीस ती दिसली होतीस."

"थट्टा नको."

"थट्टा नाही गं. खरंच सांगतोय. काळं वगैरे काही दिसत नाही. लोकांना वाटतं काळं दिसत असेल. तिथे काही नसतंच. आरसा दिसतो, पण आरशात तू कुठे आहेस ते हुडकावं लागतं. आणि हुडकेपर्यंत तू म्हणतेस, डावीकडे घे. मग कशाला हुडकायचं, म्हटलं. तुझा आवाज कधी चुकलाय?"

"कुणाला दाखवलंत?" अहो परत आलं होतं. तिच्या ते लक्षात आलं आणि तिला त्याचा राग आला.

"चष्म्याच्या दुकानात. एप्रिलमध्ये. त्याने एका यंत्रात डोकं घालायला लावलं, दिवा दिसला की बटण दाबा म्हणाला. अगदी तुझ्यासारखं. मी दाबत होतो की. तो म्हणाला, काका, आत्ता दिवा नव्हता." तो पुन्हा हसायला गेला, पण जमलं नाही. "चिठ्ठी दिली त्याने. लवकर डॉक्टरांना दाखवा म्हणून. गाडीच्या खणात आहे, टायरमध्ये हवा भरल्याच्या पावत्यांखाली. तू त्या खणात कधी बघत नाहीस."

एप्रिल. म्हणजे येतानाचे दीडशे किलोमीटर, दोन्ही पूल, चारही पदर, तो हुडकत आला होता, आणि ती शेजारी बसून संत्रं सोलून त्याच्या हातात फोडी ठेवत होती. त्या पुलावर डावीकडून एक मालट्रक फार जवळून गेला होता. ती म्हणाली होती, "माणसं कशी चालवतात!" आता तिला त्याला गदागदा हलवावंसं वाटलं. एवढी चीड तिला गेल्या कित्येक वर्षांत आली नव्हती, आणि ती चीड नीट ओठांवर यायच्या आतच तिला दुसरंही काही दिसलं. काही झालं नव्हतं. दोघं पायरीवर बसलेले होते, दोघांचे हातपाय जागच्या जागी होते, समोर पाणी होतं. त्या ट्रकच्या आणि त्यांच्यामध्ये जी काय वीतभर हवा होती, तिचे आभार कुणाला म्हणून मानायचे ते कळेना, म्हणून तिने त्याचा गुडघा धरला. जोरात धरला. "शहाणे आहात का तुम्ही!" ती म्हणाली. "मी रोज त्या इमारतीत जाते. माझ्या डोक्यावर डोळ्यांचा विभाग आहे. एक जिना चढायचा फक्त!"

"म्हणूनच," तो म्हणाला. "तू जिना चढली असतीस. ते म्हणाले असते, गाडी बंद. गाडी बंद म्हणजे खोली बंद. म्हटलं, एवढा एक उन्हाळा होऊ दे. चुकलं माझं. गुरुवारी सकाळी उठलो आणि वाटलं, मला नेता यायचं नाही तुला परत. तसं सांगवेना. म्हणून दिवस मागितला."

"दोन मागितले."

"तू दिलेस म्हणून."

तळ्यावरची बोट परत येत होती. तिच्यामागे उठलेल्या लाटा खूप नंतर काठाला लागल्या, एकामागे एक, बारीक, आणि विरून गेल्या. तिला त्याच्यावर रागवायचं होतं आणि रागाला पूर्ण जागा मिळत नव्हती, कारण ते दोन दिवस मध्येच येऊन बसत होते. त्याच्या भीतीतून आले होते ते, पण पाणी तेवढंच गार होतं, पाव तेवढाच जळला होता, आणि त्याने दंडाशी दाबून धरलेला तिचा हात काही खोटा नव्हता. उलट आता कळत होतं की तो अंदाजाने धरलेला नव्हता. तिने मनात एकेक दिवस मोजला. बारा झाले होते. कुणीतरी दहा देऊन वर दोन घातले होते, आणि आपण ते मोजून न घेताच खर्च केले, हे किती बरं झालं, असं तिला वाटलं. माहीत असतं तर नीट पोहताही आलं नसतं.

साडेदहाला नोंदवहीवाल्या बाई सायकलवरून आल्या. काठावरच्या चौदा जागांचा सगळा कारभार त्यांच्याकडे होता, आणि जागा सोडायला अकराचे साडेअकरा झाले की त्या काही न बोलता समोर येऊन उभ्या राहायच्या. दुमडलेली नंबरप्लेट त्यांनी बघितली, पायरीवरच्या दोघांकडे बघितलं, आणि सायकल स्टँडवर लावली. "पुढचे लोक बाराला येतायत," त्या म्हणाल्या. "पण त्यांची नेहमी वाट चुकते. एकच्या आधी काही येत नाहीत. बसा."

"नाही, निघतोच," तो म्हणाला.

दाताचे डॉक्टरही तोवर उठून आले होते. त्यांना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, तरी कुणाशीही बोलताना नजर आधी तोंडात जायची. "मी सोडतो की तुम्हाला," ते म्हणाले. "माझी गाडी इथेच राहू दे. संध्याकाळच्या बसने परत येईन. मला काय, तिकडे कुणाचा दात दुखतोय?" ते मनापासून बोलत होते, आणि तिचा नवरा तिच्याकडे बघत होता. मान पूर्ण वळवून बघत होता. डॉक्टरांना हो म्हणणं सोपं होतं, शहाणपणाचंही होतं. तिच्याकडे परवाना होता. ती शहरात गाडी चालवायची, इस्पितळात, मंडईत. खोली जोडलेली गाडी तिने कधी चालवली नव्हती, कारण तशी वेळ कधी आली नव्हती, आणि वेळ आली नव्हती म्हणून तिने स्वतःला सांगून टाकलं होतं की आपल्याला ते जमत नाही. डॉक्टरांनी आज खोली नेली तर ती गल्लीत जाऊन उभी राहील, ताडपत्री चढेल, आणि ती ताडपत्री पुन्हा कुणी काढणार नाही. हे तिला इतकं स्वच्छ दिसलं की ती उभीच राहिली.

"किल्ली द्या," ती म्हणाली.

"अगं, सव्वा टन आहे ते."

"मला काय उचलायचंय? चाकं आहेत ना त्याला?"

डॉक्टर हसले. नोंदवहीवाल्या बाई म्हणाल्या, "वळणावर मोठा वळसा घ्यायचा, एवढंच. माझा नवरा घ्यायचा नाही, त्याने आमच्या फाटकाचे दोन खांब पाडले." आणि वही उघडून त्यांनी दर वर्षीचा प्रश्न विचारला, पण नेहमीसारखा वहीत डोकं घालून नाही, वर बघून. "पुढच्या वर्षी याच तारखा लिहू का?"

त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "पेन्सिलने लिहा."

"मी सगळ्यांचं पेन्सिलनेच लिहिते," बाई म्हणाल्या, आणि लिहिलं.

चाक त्याने आणि डॉक्टरांनी मिळून फळीवर चढवलं. ती गाडीत बसली. सीट पुढे ओढली, तिन्ही आरसे आपल्या उंचीला लावले. किती वर्षं ती त्या डाव्या आरशात उभी होती आणि तिथून काय दिसतं हे तिला माहीतच नव्हतं. दिसत होता गवताचा तुकडा, दांड्याचं टोक, आणि तो, बरोबर तिच्या जागेवर, दहा पावलांवर. त्याने दोन्ही हात वर केले, अगदी ती करते तसेच, बोटं फाकवून. आपण अशा दिसतो तर, असं तिच्या मनात आलं. जरा हास्यास्पद, जरा शरण आल्यासारख्या. त्याला डावीकडचं दिसत नव्हतं, म्हणून तो तिरका उभा होता, उजवा डोळा दांड्यावर रोखून. लिफ्टच्या खड्ड्यात उभा राहून वर चालवणाऱ्याला तो असंच सांगत असणार. तिने मागचा गिअर टाकला. काच खाली होती. तिला वाटलं होतं तो म्हणेल, ये, ये, येऊ दे. तो तिला कायम तूच म्हणत आलेला.

"येऊ द्या," तो म्हणाला.

तिने ब्रेकच दाबला.

"येऊ द्या, येऊ द्या. डावीकडे घ्या. थोडं. हां, येऊ द्या बाई, घाबरू नका." डॉक्टरांना वाटलं तो गंमत करतोय, आणि ते खुर्चीत जाऊन बसता बसता हसले. तो गंमत करत नव्हता. त्याचा चेहरा लिफ्टखाली उभा असताना असायचा तसा होता. "थांबा!" तो म्हणाला, आणि ती थांबली, पण दोन फूट उशिरा. गोळा वाटीच्या पुढे निघून गेला.

तिने काचेतून डोकं बाहेर काढलं. "अहो, 'थांबा'ला वेळ लागतो हो! तुम्हीच सांगितलं होतं. मागे घेताना अरे-तुरे."

"माहितीये," तो म्हणाला. "मला एकदा म्हणायचं होतं. कधी म्हटलंच नव्हतं."

तिने डोकं आत घेतलं. काही वेळ तिला आरसा नीट दिसेना, ओल्या काचेतून बघितल्यासारखं झालं. मग तिने बाहीने डोळे पुसले आणि गाडी पुढे घेतली.

दुसऱ्या वेळी तो 'येऊ दे' म्हणाला आणि ती फार उजवीकडे गेली. तिसऱ्या वेळी त्याचाच अंदाज चुकला, वीतभर. त्याने मोठ्याने कबूल केलं, "माझी चूक, मला दिसलं नाही," आणि आकाश कोसळलं नाही. चौथ्या वेळी तो बोलायचा थांबला आणि नुसता हात खाली घेत गेला, हळू, हळू, तिनेही पाय तसाच हळू सोडला, आणि मागून खट् असा आवाज आला. एकोणतीस वर्षं तिने माणसांना बारीक आवाज ऐकवले होते. इतका स्वच्छ एकही नव्हता.

साखळी लावली, दिव्यांची वायर जोडली, डावा दिवा लागतो का हे तिने बघितलं, उजवा त्याने. खोली जिथे उभी होती तिथे गवत पिवळं पडलं होतं, चार मीटरचा एक चौकोन, कडा सुतात. दर वर्षी निघताना तो त्या चौकोनात जाऊन क्षणभर उभा राहतो. आज तीही जाऊन उभी राहिली. पायाखाली गवत बसलेलं आणि कोमट होतं. नोंदवहीवाल्या बाईंनी फाटक पूर्ण उघडून धरलं, दोन्ही दारं, आणि ओरडल्या, "मोठा वळसा!" तिने मोठा वळसा घेतला. खोली मागून आली, जरा वेळाने, जड आणि आज्ञाधारक, पाटीपासून हातभर अंतर ठेवून.

"यांची खोली केवढी मोठी," तो म्हणाला.

"डावीकडे बघा," ती म्हणाली. "मान वळवा, नुसते डोळे नको. तळं जातंय."

त्याने मान पूर्ण वळवली, आणि झाडं सुरू होईपर्यंत तशीच ठेवली.

बारा वाजून चाळीस मिनिटांनी पहिला पूल ओलांडला. पुलावर ती श्वास धरून होती, आणि त्याने संत्रं सोलून तयार ठेवलं होतं, ते पूल संपल्यावरच दिलं. मुलीचा निरोप आला, 'निघालात का?' त्याने फोन डोळ्यांपासून लांब धरून उत्तर टाकलं, 'हो. आई चालवते आहे.' त्यावर मुलीने बारा प्रश्नचिन्हं पाठवली. त्याने ती मोजली. त्याच्यामागून डोळ्यांच्या विभागातल्या मैत्रिणीचा निरोप आला, जिला तिने निघण्याआधी दोन ओळी लिहिल्या होत्या. गुरुवार, साडेदहा, जेवून आलात तरी चालेल. "यंत्रात डोकं घातलंत की अंदाज करायचा नाही," ती रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली. "नाही दिसलं तर नाही."

"नापास केलं तर?"

"तिथे कुणी नापास होत नाही." हे ती रोज म्हणते. आज पहिल्यांदा तिला ते खरं आहे की नाही याची खात्री नव्हती.

दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी ते त्रेपन्न किलोमीटर आले होते. दुसरा पूल व्हायचा होता, चार पदर व्हायचे होते. घरामागची गल्ली साडेतीन मीटर रुंद आहे, दोन्ही अंगांना भिंती, आणि खोली तिथे उलटीच घालावी लागते, दुसरा इलाज नाही. त्याचा विचार करायला तिच्याकडे अजून शंभर किलोमीटर होते.